एक आज्ञावली, अनेक यंत्रे

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या भाषणाचा विषय छापून आला, तेव्हा दोन-तीन स्नेह्यांनी आम्हांस वाटेत गाठून विचारले, "तुमचा आणि संगणकाचा संबंध काय? गोदीवर बोला, बोनसवर बोला, कंत्राटी कामगारांवर बोला!" प्रश्न रास्त आहे. आम्ही संगणकशास्त्राचे पदवीधर नव्हे. कोणत्याच शास्त्राचे नव्हे. जे थोडेफार कळते, ते युनियनच्या कचेरीत रात्री बसून पुस्तके वाचून आणि जाणत्यांना पुन्हा पुन्हा विचारून मिळवलेले आहे. परंतु न्हावा शेवा बंदराचा इतिहास समजून घेता घेता आम्हांस दुसऱ्या एका इतिहासाची वाट सापडली. निरनिराळ्या यंत्रांवर एकच आज्ञावली चालावी म्हणून पन्नास वर्षे जी खटपट झाली, तिचा तो इतिहास आहे. ही खटपट पडद्याआड झाली, म्हणून ती आपल्यास दिसली नाही. तिचे परिणाम मात्र बँकेच्या खिडकीपासून खिशातल्या फोनपर्यंत आपण रोज भोगतो.

बंदरावरची पेटी

प्रारंभ घरापासूनच करू. २६ मे १९८९ रोजी न्हावा शेवा बंदर सुरू झाले. आज तेथे पाच कंटेनर टर्मिनले आहेत. त्यांचे चालक निरनिराळे, क्रेन निरनिराळ्या कारखान्यांतल्या, कारभाराच्या रीती निरनिराळ्या. तरीही चीनमध्ये भरलेली लोखंडी पेटी यांपैकी कोणत्याही धक्क्यावर उतरते, ट्रेलरवर चढते, आगगाडीवर बसते आणि नागपूरला जाऊन उघडते. वाटेत तिच्यातील मालास कोणी हात लावीत नाही. हे कसे साधते? पेटीच्या आठ कोपऱ्यांवर ठरावीक मापाची, ठरावीक भोकांची ओतीव लोखंडाची ठोकळी असतात. क्रेनला पेटीत काय आहे ते ठाऊक नसते. तिला केवळ हे कोपरे ठाऊक असतात.

हे कोपरे आकाशातून पडले नाहीत. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील माल्कम मॅक्लीन या ट्रकमालकाने 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावर ५८ पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला धाडल्या. कल्पना फलद्रूप होताच प्रत्येक कंपनीने आपापल्या मापाची पेटी काढली. एकीची ३५ फुटी, दुसरीची २४ फुटी; एकीचा कोपरा दुसरीच्या आकड्यात बसेना. पेटी होती, पण ती आपल्याच मालकाच्या जहाजावर चालणारी. १९६३ मध्ये मॅक्लीनच्या कंपनीने कोपऱ्याच्या रचनेवरील आपला पेटंटचा हक्क सर्वांस मोकळा केला, आणि १९६८ पासून आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मापे प्रसिद्ध होऊ लागली. तेथून पेटी सर्व जगाची झाली.

यात कामगाराचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे; नाहीतर इतिहास अर्धाच राहील. गोण्या, गासड्या, पिंपे आणि खोकी पाठीवर वाहणाऱ्या हजारो हातांचे काम या पेटीने काढून घेतले. आणि आमच्या किनाऱ्यावर तर बंदर येण्याआधीच शेती, मिठागरे आणि मासेमारीच्या जागा गेल्या. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात उरण तालुक्यातील पाच जण हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे जे तत्त्व मान्य झाले, त्याच्या पायाशी हे रक्त आहे. सर्वांच्या सोयीचा नियम म्हणजे कोणाच्या तरी घरची किंमत, हा धडा आम्ही पुस्तकात वाचून शिकलेलो नाही.

यंत्रागणिक भाषा

आता खाडीपलीकडे, मुंबईच्या दक्षिण टोकाला चला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा भारतात घडवलेला संगणक कार्यरत झाला. १९६४ मध्ये त्याच संस्थेत 'सीडीसी ३६००' हा अमेरिकी संगणक आला. दोन्ही यंत्रे गणितच करणारी. तरी टिफ्रॅकच्या स्वतःच्या यंत्रभाषेत लिहिलेली आज्ञावली सीडीसीस एका अक्षरानेही कळण्यासारखी नव्हती. प्रत्येक यंत्राची बोली जन्मतःच वेगळी असते. 'ही संख्या त्या कप्प्यात टाक' एवढे सांगायचे, तरी एका यंत्राचा संकेत दुसऱ्यास अगम्य. यंत्र बदलले की वर्षानुवर्षांचे काम पुन्हा पहिल्यापासून.

यावर पहिला उपाय निघाला तो उच्च स्तरावरील भाषांचा. फोर्ट्रान १९५७ मध्ये आली, तिच्या मागोमाग कोबोल आली. माणसाने या भाषेत लिहावे आणि 'कंपायलर' नावाच्या दुभाष्या आज्ञावलीने ते त्या त्या यंत्राच्या बोलीत उतरवावे, अशी ही व्यवस्था. परंतु यंत्राचा मूळ कारभार पाहणारी आज्ञावली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, तरीही यंत्राच्याच बोलीत लिहिली जाई. जणू नाटक मराठीत, पण पडदा ओढणाऱ्यांच्या खुणा गावोगाव निराळ्या!

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' ही व्यवस्था रचण्यास आरंभ केला. रिचींनी तिच्यासाठी 'सी' नावाची भाषा घडवली, आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभाच सी भाषेत नव्याने लिहिला गेला. सी ही बेताची भाषा आहे. यंत्राच्या इतकी जवळ, की तिच्यात ऑपरेटिंग सिस्टिम लिहिता यावी. आणि यंत्रापासून इतकी दूर, की दुसऱ्या यंत्रासाठी नवा कंपायलर केला की बहुतेक मजकूर तसाच चालावा. १९७७ च्या सुमारास हे प्रत्यक्षात करून दाखवण्याचे दोन प्रयोग झाले. ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी युनिक्स 'इंटरडेटा ७/३२' या परक्या यंत्रावर नेले. बेल प्रयोगशाळेत रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी ते 'इंटरडेटा ८/३२' वर नेले. जॉन्सन यांनी त्यासाठी जो कंपायलर रचला, त्याचा यंत्राशी बांधलेला भाग थोडा आणि वेगळा ठेवलेला होता. नवे यंत्र आले की तेवढाच भाग बदलायचा.

'युनिक्स'चे 'नुक्सि' कसे झाले

मजकूर उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवला की काम संपले, असे मात्र झाले नाही. अडचणी कोठे येतात, हे दोन-तीन उदाहरणांनी पाहू. कारण पुढचा सारा इतिहास या अडचणींतून जन्मला आहे.

पहिली अडचण क्रमाची. दोन बाइट मिळून एक संख्या होत असेल, तर मोठा भाग आधी ठेवायचा की लहान? पीडीपी-११ या यंत्रात लहान आधी, इंटरडेटात मोठा आधी. या फरकामुळे 'युनिक्स' या इंग्रजी नावाची चार अक्षरे परक्या यंत्रावर जोडीजोडीने उलटून 'नुक्सि' अशी उमटत, असे त्या पिढीचे लोक सांगत. आणि या दोषाला तेच नाव पडले.

दुसरी अडचण मापाची. पीडीपी-११ वर सी भाषेतील साधा पूर्णांक १६ बिटांचा असे. त्यात ३२,७६७ पर्यंतच संख्या मावे. पुढल्या यंत्रांवर तो ३२ बिटांचा झाला. समजा, आमच्या युनियनच्या निधीचा हिशेब मोठ्या यंत्रावर लिहिला आणि लहान यंत्रावर चालवला. ३२,७६७ रुपयांवर आणखी एक रुपया जमा होताच निधी उणे ३२,७६८ दिसू लागेल! वर्गणी दिली आणि कर्ज झाले, असा प्रकार. हा दोष अजून पुरता गेलेला नाही. जुन्या ३२ बिटांच्या व्यवस्थांत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजणारी संख्या १९ जानेवारी २०३८ रोजी भरून जाणार आहे. नव्या व्यवस्थांनी ते माप वाढवले आहे. जुन्यांचे काम चालू आहे.

तिसरी अडचण नावांची. ओळीत एखादे अक्षर शोधायचे, तर एका युनिक्समध्ये त्या क्रियेचे नाव 'इंडेक्स', दुसऱ्यात 'स्ट्रसीएचआर'. काम तेच, हाक वेगळी. हाक चुकली की आज्ञावली कंपाइल तरी होत नाही, नाहीतर जोडली जात नाही.

हे सारे दूरचे वाटत असेल, तर आमच्या घरचाच एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही द्वारसभेचे एक पत्रक कचेरीतल्या संगणकावर मराठीत टाइप केले आणि छापखान्यात नेले. छापखान्याच्या यंत्रावर ते उघडले, तो 'कामगार' या शब्दाच्या जागी चौकोन, चांदण्या आणि लॅटिन अक्षरांचा कचरा! आमच्या फाँटात ज्या आकड्याचा अर्थ 'क' होता, त्याच आकड्याचा त्यांच्या फाँटात अर्थ निराळाच होता. छापखान्यातल्या पोराने रात्रभर बसून सारे पत्रक पुन्हा टाइप केले. वास्तविक भारतीय लिप्यांच्या संकेतांचे 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये निघाले होते, आणि जगातील सर्व लिप्यांसाठीच्या युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण मानक निघणे वेगळे आणि ते दुकानादुकानांत पाळले जाणे वेगळे. मधल्या वर्षांची भरपाई त्या पोराच्या जागरणासारख्या कितीतरी जागरणांनी झाली.

फाटाफूट, आणि आपल्या बँका

युनिक्स जगभर पसरले, त्यालाही कायद्याचे एक कारण होते. बेल प्रयोगशाळेची मालक 'एटी अँड टी' ही टेलिफोन कंपनी. १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे तिला दूरसंचाराबाहेरचा धंदा करण्यास मनाई होती. म्हणून युनिक्स विद्यापीठांना अल्प मोबदल्यात, मूळ मजकुरासह दिले गेले. विद्यार्थ्यांनी ते वाचले, सुधारले, वाढवले. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाची आवृत्ती तर स्वतंत्र घराणेच बनली. १ जानेवारी १९८४ रोजी त्या टेलिफोन कंपनीचे विभाजन अमलात आले आणि तिला संगणकाच्या धंद्याची वाट मोकळी झाली. आमच्याकडे गोळीबार झाला तोच हा महिना. युनिक्स आता विक्रीची वस्तू झाली. एकीकडे कंपनीचे 'सिस्टिम फाइव्ह', दुसरीकडे बर्कलेचे घराणे, आणि प्रत्येक यंत्रनिर्मात्याने दोहोंची आपापली खिचडी केलेली. १९८८ मध्ये तर निर्मात्यांच्या दोन आघाड्या एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. प्रत्येक जण म्हणे, 'आमचेच युनिक्स खरे.' पेटीचे कोपरे पुन्हा निरनिराळे झाले!

नेमक्या याच काळात युनिक्स आपल्या देशात खोलवर शिरले. १९७८ मध्ये आयबीएम कंपनी भारतातून निघून गेली. पुढील दशकात अनेक देशी कंपन्या परदेशी प्रोसेसर घेऊन आपली यंत्रे बनवू लागल्या आणि त्यांवर युनिक्स बसवू लागल्या. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाची दिशा आखली, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात बँकांच्या संगणकीकरणात युनिक्सचा पाया धरला गेला. त्यातले व्यवहारज्ञान ध्यानात घ्यावे. यंत्रे पाच कंपन्यांची असली तरी पाया एक. म्हणून एका कंपनीचे दुकान बंद झाले तरी बँकेची आज्ञावली दुसरीच्या यंत्रावर नेता येण्याची शक्यता राहते. आणि कारकुनाने जे शिक्षण घेतले ते एका कंपनीच्या यंत्राबरोबर भंगारात जात नाही. त्या दिवसांत मुंबई-पुण्यातील कितीतरी तरुणांनी बँकांच्या निमित्ताने युनिक्स आणि सी शिकून घेतले, आणि ते कौशल्य त्यांच्याबरोबर देशोदेशी गेले.

आमच्या चळवळीने संगणकाला विरोध केला, हे लपवण्याचे कारण नाही. विमा कर्मचाऱ्यांनी केला, बँक कर्मचाऱ्यांनी केला. स्वयंचलनाच्या प्रश्नावर सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ चा. बँक संघटनांनी १९८३ मध्ये आणि पुन्हा १९८७ मध्ये करार करून यंत्रांस मर्यादा आणि अटी घातल्या. नोकरी जाईल ही भीती खोटी नव्हती. गोदीत ती खरी ठरल्याचे आम्ही पाहिले आहे. परंतु आज मागे वळून पाहताना आम्हांस आमची एक चूक दिसते. यंत्र येणार की नाही, किती येणार, कोणाच्या जागेवर येणार, हे प्रश्न आम्ही विचारले. यंत्राच्या आतले नियम कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. तो दुसऱ्या काही माणसांनी विचारला.

नावावर जाऊ नका, खोली पाहा

२७ सप्टेंबर १९८३ रोजी रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. युनिक्ससारखी, पण कोणासही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण व्यवस्था उभी करायची, हा संकल्प. मूळ मजकूरच वाटायचा म्हटल्यावर तो घेणाऱ्याचे यंत्र कोणते हे वाटणाऱ्यास कसे कळावे? घेणाऱ्याने आपल्या यंत्रासाठी कंपाइल करायचे, म्हणजे त्याच्या युनिक्सच्या लहरींची यादी त्यालाच भरून द्यावी लागे. सी भाषेत 'अमुक असेल तर हा भाग घे, नसेल तर तो घे' असे लिहिण्याची सोय असते. पण 'अमुक' आहे की नाही हे सांगायचे कोणी? एके काळी ग्नूच्या आज्ञावल्या बसवताना अशा वीसेक निवडी हाताने कराव्या लागत. त्यासाठी आपल्या यंत्राच्या पोटातले ज्ञान हवे. ते किती जणांना असणार?

सोपा वाटणारा मार्ग म्हणजे नावांचा तक्ता: अमुक कंपनीचे युनिक्स असेल तर हे, तमुकचे असेल तर ते. पण कंपनीने पुढच्या वर्षी नवी आवृत्ती काढली की तक्ता खोटा. आणि यादीत नसलेले यंत्र आले की तक्ता मुका.

आमच्या किनाऱ्यावरच्या तांडेलाची रीत आठवा. परक्या खाडीत शिरताना तो खाडीचे नाव विचारून थांबत नाही. दोरीला शिसे बांधून पाण्यात सोडतो आणि खोली पाहतो. भरती कितीची, तळ रेतीचा की खडकाचा, हे तिथल्या तिथे कळते. लॅरी वॉल या गृहस्थांनी १९८४ मध्ये आपल्या 'आरएन' या आज्ञावलीबरोबर 'कॉन्फिगर' नावाची अशीच एक टेहळी आज्ञावली जोडली. ती प्रथम यंत्राची चाचपणी करी आणि मग त्याप्रमाणे मुख्य आज्ञावली सिद्ध करी. जून १९९१ मध्ये ग्नूच्या अनेक उपयुक्त आज्ञावल्या सांभाळणारे डेव्हिड मॅकेन्झी यांनी या रीतीस शिस्त लावली, आणि 'ऑटोकॉन्फ' हे साधन जन्मास आले.

त्याची रीत कोणासही कळेल इतकी साधी आहे. एखादी सोय या यंत्रावर आहे का, हे जाणण्यासाठी ते चार ओळींची चिमुकली सी आज्ञावली लिहिते, तिच्यात ती सोय वापरते, आणि कंपायलरकडे देते. कंपाइल होऊन जोडली गेली, तर 'होय'; न गेली, तर 'नाही'. मग पुढचा प्रश्न. पूर्णांक किती मापाचा? बाइटांचा क्रम कोणता? अमुक शीर्षक-फाइल आहे का? 'इंडेक्स' चालते की 'स्ट्रसीएचआर'? पडद्यावर 'होय', 'नाही' अशा ओळींची रांग सरकत जाते. सर्व उत्तरे 'कॉन्फिग.एच' नावाच्या फाइलीत उतरतात. मुख्य आज्ञावली ती वाचून स्वतःस त्या यंत्राप्रमाणे जुळवून घेते. त्यानंतर 'मेक' हे स्टुअर्ट फेल्डमन यांचे १९७६ चे साधन कंपाइल करण्याचा क्रम पार पाडते. 'कॉन्फिगर', 'मेक', 'मेक इन्स्टॉल' या तीन आज्ञा पुढे साऱ्या जगात परवलीचे शब्द झाल्या. त्याच १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. एवढ्या लवकर त्यावर शेकडो उपयुक्त आज्ञावल्या चालू लागल्या, त्याचे एक मोठे कारण असे, की त्या आज्ञावल्या नव्या खाडीत खोली पाहून शिरायला आधीच शिकल्या होत्या.

यात एक पेच होता. खोली पाहणारे शिसे स्वतः सर्व खाड्यांत बुडाले पाहिजे! कॉन्फिगर हीदेखील एक आज्ञावलीच. ती कोणत्या भाषेत लिहायची? म्हणून ती युनिक्सच्या जुन्यात जुन्या, सर्वत्र सापडणाऱ्या 'शेल' भाषेत लिहिली जाते, आणि तीही त्या भाषेतले अगदी सर्वमान्य तेवढेच शब्द वापरून. असे लिहिणे माणसास जाचक. म्हणून लेखक 'एम-फोर' या साधनात थोडक्यात सांगतो, आणि ऑटोकॉन्फ त्याचा हजारो ओळींचा विस्तार करून देते. तो विस्तार आज्ञावलीच्या गठ्ठ्यातच बांधून पाठवला जातो. घेणाऱ्याकडे ऑटोकॉन्फ असण्याची गरज उरत नाही. मर्यादाही आहेत. फोनसाठीची आज्ञावली दुसऱ्याच संगणकावर कंपाइल करायची असेल, तर चाचणीची आज्ञावली चालवून पाहता येत नाही. तेथे अंदाजावर भागवावे लागते.

मानक आणि जागता पहारा

दुसऱ्या बाजूने मानकांचेही काम झाले. युनिक्ससारख्या व्यवस्थांचे 'पॉसिक्स' हे मानक १९८८ मध्ये आले. हे नाव स्टॉलमन यांनी सुचवलेले. सी भाषेचे अमेरिकी मानक १९८९ चे, आंतरराष्ट्रीय १९९० चे. पुढे तीस वर्षांत जुनी यंत्रे मोडीत गेली, घराणी विझली, आणि कॉन्फिगरच्या पुष्कळ प्रश्नांना आता सर्वत्र एकच उत्तर येते. म्हणून काही तरुण विचारतात, हे जुने ओझे कशाला? नवी साधने आली आहेत, ती वापरावी. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण मानक मान्य झाले म्हणजे पाळले गेले असे नव्हे, हे किमान वेतनाच्या कायद्याची अंमलबजावणी पाहिलेल्या माणसास सांगावे लागत नाही. कायद्याची प्रत भिंतीवर टांगलेली असते. हजेरीपुस्तक उघडून पाहिल्याशिवाय खरे कळत नाही. कॉन्फिगर हजेरीपुस्तक उघडते, हा तिचा गुण.

आणि आता या कथेचा तो भाग, ज्याच्यासाठी आम्ही हा विषय निवडला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, की दूरच्या यंत्रात शिरण्याची क्रिया नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद उशिरा होते आहे. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केले असते. त्यांनी माग काढला तो 'एक्सझेड' या फाइली आवळून लहान करण्याच्या आज्ञावलीपाशी पोचला. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा बसवलेला होता. तो उघडण्याची कळ कोठे दडवली होती? कॉन्फिगर सिद्ध करणाऱ्या एम-फोरच्या एका फाइलीत. सर्वांसमोर उघड्या असलेल्या मूळ मजकुरात ती फाइल नव्हती. केवळ वाटपाच्या गठ्ठ्यात होती. गठ्ठ्यातल्या त्या यंत्रनिर्मित हजारो ओळी कोणी वाचत नाही, हे चोराने बरोबर हेरले होते. २९ मार्च २०२४ रोजी फ्रॉइंड यांनी हे जाहीर केले, आणि जगभराच्या यंत्रांत ती आवृत्ती पसरण्यापूर्वी मोठा अनर्थ टळला.

चोर आत आला कसा, ते अधिक विचार करण्याजोगे आहे. ती आज्ञावली वर्षानुवर्षे मुख्यतः एकच माणूस सांभाळीत होता, फावल्या वेळात, विनावेतन. तो थकला होता, आणि त्याने तसे उघडपणे कळवलेही होते. काम संथ चालले म्हणून त्याच्यावर अनोळखी नावांनी टोचणी लावली गेली. आणि टोपणनावाने वावरणारा एक मदतनीस दोन वर्षांहून अधिक काळ गोड बोलून, खरोखरीची कामे करून, शेवटी किल्ल्यांचा भागीदार झाला. मोठमोठ्या कंपन्यांचे व्यवहार ज्या खिळ्यावर टांगलेले होते, तो खिळा एका दमलेल्या माणसाने हाताने धरून ठेवलेला होता! खुद्द ऑटोकॉन्फचीही एक आवृत्ती २०१२ ची, आणि तिच्या पुढची २०२० ची. मधल्या आठ वर्षांत जग त्याच्यावर चालत राहिले. सांभाळणारे हात किती होते, याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

शेवटी

आम्ही कामगार संघटक. आम्हांस या इतिहासात कामगार दिसतो, हा आमच्या डोळ्यांचा दोष म्हणा. पण पाहा: कोपऱ्याचे माप मोकळे झाले म्हणून पेटी जगभर गेली; सी आणि युनिक्सचा मजकूर विद्यार्थ्यांच्या हाती आला म्हणून तो वाढला; खोली पाहण्याची रीत सर्वांस वाटली गेली म्हणून नवे यंत्र जुन्या ज्ञानास पारखे झाले नाही. जे खुले राहिले, ते टिकले. आणि जे खुले राहिले ते कोणी तरी रोज झाडून-पुसून ठेवले म्हणून टिकले. खुलेपणाचा गौरव पुष्कळ होतो. झाडणाऱ्याची हजेरी मात्र कोणी मांडीत नाही.

सार्वजनिक विहीर खुली असते म्हणून तिचा गाळ आपोआप निघत नाही. गावाने पाळी लावावी लागते, नाहीतर कोणाला तरी रोजंदारी द्यावी लागते. बँका, बंदरे, सरकारी कचेऱ्या आणि कंपन्या या सामाईक विहिरीचे पाणी रोज पितात. त्यांनी गाळ काढणाऱ्याच्या मजुरीत वाटा उचलावा, ही मागणी आम्हांस बोनसच्या मागणीइतकीच रास्त वाटते, आणि ती कोणत्याही द्वारसभेत मांडण्यास आम्ही तयार आहोत. सभागृहात जे तरुण संगणकाचे काम करणारे असतील, त्यांना एवढीच विनंती, की पुढच्या वेळी पडद्यावर 'होय', 'नाही' अशा ओळी सरकू लागतील तेव्हा क्षणभर थांबून त्या वाचाव्यात. प्रत्येक 'नाही'च्या मागे कोणी एके काळी अडलेला असतो, आणि त्याने आपल्यासाठी तो खडक नोंदवून ठेवलेला असतो.